साळवे सरांचं क्रियापद

साळवे सरांच्या घरात एक मांजर होतं, त्याला नाव नव्हतं. मी एकदा विचारलं, तर शेंग फोडत म्हणाले, "बाई, आधी माणसांना नावं ठेवून होऊ द्या. वेळ उरला तर मांजराचं बघू." वेळ काही उरला नाही. मांजर बिननावाचंच मेलं.

धुळ्याच्या बाहेर, वस्ती विरळ होऊन गॅरेजं आणि कडुलिंब सुरू होतात तिथं आमची बायबल शाळा. पाळक व्हायला निघालेली पोरं तिथं राहून शिकतात. कुणी साक्रीकडचं, कुणी शिरपूरच्या वरच्या पाड्यांवरचं, एखाददुसरं रावेरकडचं. सर त्यांना सिद्धांत शिकवायचे, म्हणजे देवाविषयी काय मानायचं आणि काय अजिबात मानायचं नाही. मी मराठी शिकवायचे. घरी पावरी नाहीतर अहिराणी बोलणाऱ्या पोरांनी व्यासपीठावर उभं राहून चार वाक्यं धड बोलावीत, एवढंच माझं काम. सर माझ्या विषयाला 'इस्त्री' म्हणत. "तुम्ही द्या इस्त्री मारून, बाई. आत माणूस आहे की नाही ते मी बघतो."

मी चोपड्याची. आमच्याकडं तोंडानं फटकळ माणसं पायलीचे पन्नास मिळतात, मीही त्यातलीच. पण फटकळ माणूस रागात बोलतो आणि मग विसरतो. सरांना राग येतच नसे. उंच, काटकुळे, मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट मनगटापर्यंत बटण लावून, आणि आवाज असा खालचा की ऐकायला पुढं वाकावं लागे. पोरं वाकायची आणि मग थोबाडीत बसल्यासारखी मागं व्हायची. ओरडणाऱ्या मास्तराची पोरांना आठवड्यात सवय होते, सरांच्या हळू बोलण्याची कुणालाच झाली नाही.

शुक्रवारी सकाळी उपदेशाचा सराव असे. एका पोरानं उभं राहून उपदेश द्यायचा, बाकी सगळ्यांनी ऐकायचा. सर शेवटच्या बाकावर, खिशात भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा. पोरगं नीट बोलत असेल तोवर शेंग नुसती बोटांत फिरायची. चुकलं की कट्ट. काय चुकलं ते सांगायचे नाहीत, फक्त कट्ट. मग पोराचं लक्ष वचनावरून उडून सरांच्या बोटांवर जायचं, आणि लक्ष उडालं की आणखी चुकायचं. साक्रीचं एक पोरगं असंच मधे थांबलं आणि उभ्या उभ्या रडायला लागलं. सर म्हणाले, "रडून झालं की सांग. तोवर मी एवढी संपवतो."

आणि वाईट काय, तर माणूस कधी चुकायचा नाही. ग्रीक यायचं, हिब्रू यायचं, इंग्रजी ग्रंथ कोळून प्यायलेला. त्यांनी 'चूक' म्हटलं की ती चूकच निघायची. बरोबर असण्याचा इतका माज मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

त्यांचं ते क्रियापद जन्माला आलं तेव्हा मी हजर होते. पुढचा तास माझा होता, म्हणून मागं जाऊन बसले होते. सर केळं घेऊन आले होते. फळ्यावर काही न लिहिता त्यांनी ते सोललं आणि सावकाश खाल्लं. वेळ जेवणाआधीची, पोरांच्या पोटात कावळे. खाऊन झाल्यावर साल टेबलावर टाकली.

"ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या काळात काही लोक निघाले," ते म्हणाले. "त्यांचं म्हणणं, हे जग खऱ्या देवानं केलेलंच नाही. कुण्या खालच्या कारागिरानं ते बिघडवून ठेवलं. तुमचं शरीर म्हणजे ही साल, चिखल, कचरा. पण काही थोड्यांच्या चिखलात वरच्या उजेडाची ठिणगी अडकलेली आहे. त्यांना गुप्त ज्ञान मिळालं की ठिणगी सुटते आणि वर जाते. ज्याला ज्ञान तो तरला. बाकीचे गुरंढोरं. ज्ञानाला ग्रीकमध्ये ग्नॉसिस म्हणतात, म्हणून हे ग्नॉस्टिक. आपण काय मानतो? जग देवानं केलं आणि चांगलं केलं. देव स्वतः हाडामांसाचा झाला. आणि तारण सगळ्यांना उघड्यावर आहे, कुणाच्या कानात सांगायचं नाही."

मग त्यांनी हात पुसले. "कुणी त्या वळणाला लागला की इंग्रजीत त्याच्यासाठी क्रियापद आहे, ग्नॉस्टिसाइझ. साध्या वचनाला कुणी तसला अर्थ चिकटवला, तरी तेच क्रियापद. तिकडंही ते फार थोड्यांना माहीत. मराठीत नव्हतंच. आपण म्हणत बसतो, 'अमक्याच्या विचारांवर तमक्या पंथाची छाप दिसते.' वाक्य संपेपर्यंत माणूस पळून जातो. म्हणून मी एक घडवलं, ज्ञानाळणे. दूध नासतं, तेल खवटतं, माणूस ज्ञानाळतो. आणि दुसऱ्याला, नाहीतर वचनाला, तसं करतो तो ज्ञानाळवतो. काय बाई, जमलंय?"

मी म्हटलं, "शब्द चांगलाय सर. वास येतो त्याला."

सर इतके खूश झाले की हसताना त्यांचे वरचे दात दिसले. एरवी ते कधी दिसत नसत.

तेवढ्यात रावेरचा प्रकाश उभा राहिला. बाप केळीच्या पॅकिंगवर कामाला, पोरगं स्वभावानं मोकळं. "सर, आमच्याकडं साल टाकून देत नाहीत. बकरीला घालतात. बकरी दूध देते. मग साल कचरा कशी?"

वर्ग हसला. मी नाही हसले, कारण सरांनी एवढ्या तासात जे सांगितलं ते या पोरानं एका बकरीत सांगितलं होतं. सरांनाही ते कळलं, शंभर टक्के कळलं. "उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले, "आणि म्हणूनच तुला उपदेश कधी जमायचा नाही. तुला बकरीच्या पलीकडं दिसतच नाही."

त्या दिवसापासून प्रकाशचं नाव बकरी. मेसमध्ये बकरी, प्रार्थनेला बकरी. वर्ष संपायच्या आत त्यानं ट्रंक उचलली. आता रावेरला केळीचे ट्रक भरून घेतो, अंगानं भरलाय, आणि चर्चच्या वाटेला फिरकत नाही.

नवा चाकू आणला की माणूस उगाच काहीतरी चिरत बसतो, तसं सरांचं झालं. मेसची डाळ पातळ असली की ताटाकडं बघून म्हणायचे, "डाळीत डाळ नाही, नुसतं डाळीचं ज्ञान आहे. ज्ञानाळली." मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या रखमाबाईंना ती तारीफ वाटली. त्यांनी आणखी एक डाव वाढला.

पुढं जळगावला एका लग्नात तर कहरच झाला. पाळकसाहेब, एकेकाळचे सरांचेच विद्यार्थी, रंगात आले होते. म्हणाले, "वधूवरांनो, खरं प्रेम शरीराचं नसतं, आत्म्याचं असतं. शरीर काय, माती आहे." सर पहिल्या रांगेत होते. उठून उभे राहिले आणि त्या खालच्या आवाजात म्हणाले, "मग लग्न कशाला लावताय? ज्ञानाळलात तुम्ही, पाळकसाहेब." पाळकसाहेबांची वाचा बसली. अंगठ्या घालायच्या राहिल्या, शपथांचा क्रम चुकला, नवरीच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. जेवणाला सर बसले आणि पोटभर जेवले. त्यांच्या बायकोनं, सुशीलाबाईंनी, घास खाल्ला नाही. म्हणाल्या, "त्या बिचाऱ्या पोरीच्या लग्नात कशाला हो?" सर म्हणाले, "चूक लग्नात झाली. मी काय बारशाला जाऊन सांगू?"

त्या पाळकसाहेबांना जळगावातले लोक अजून मागून 'ज्ञानाळलेले' म्हणतात. म्हणणाऱ्याला अर्थ विचारा, येत नाही. काहीतरी वाईट आहे एवढंच त्याला माहीत असतं. हे मी सरांना सांगितलं, तर म्हणाले, "अर्थ मला माहीत आहे ना? पुरे."

आता कुवरसिंगाचं सांगते. त्याच्यापायीच हे सगळं लिहायला बसलेय.

कुवरसिंग पावरा, शिरपूरच्या वर सातपुड्यातल्या एका पाड्याचा. लग्न झालेला, एक लेकरू. पाड्यावर ख्रिस्ती घरं थोडी, त्यांना पाळक कधीच नव्हता. नाताळला खालून कुणी गेलं तर गेलं. पण त्यांनी कुडाचं प्रार्थनाघर बांधलं होतं, वर पत्रे, आणि आत आंब्याच्या लाकडाचं व्यासपीठ, ते कुवरसिंगाच्या सासऱ्यानं केलेलं. त्या व्यासपीठावर त्यांनी एक टॉवेल झाकून ठेवला होता. तिथं कुणी उभं राहायचं नाही. आपला कुवरसिंग शिकून येईल आणि तो टॉवेल तोच काढील, असं ठरलेलं. हे त्यानंच मला लाजत लाजत सांगितलं होतं. ती सगळी शाळा, ते ग्रीक, ती माझी इस्त्री, त्याच्या दृष्टीनं त्या एका टॉवेलसाठी होतं.

आमच्याकडं रीत अशी की शेवटच्या वर्षाच्या पोरानं शेवटचा उपदेश आपल्या गावच्या पंचांसमोर द्यायचा. मग एकेका शिक्षकानं उठून 'योग्य' म्हणायचं आणि शेवटी सगळ्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे, की तो पाळक झाला. एकानं जरी 'योग्य' म्हटलं नाही, तर हात ठेवत नाहीत. अशी वेळ कधी आली नव्हती. स्वयंपाक आदल्या दिवशीच सुरू होतो.

पाड्यावरून पंच पिकअपमध्ये बसून आले. पुढारी डोंग्याबाबा, पांढरं धोतर, हातात काठी. खालच्या लोकांशी ते अहिराणीत बोलत. कुवरसिंग उभा राहिला. सुरेख बोलला. म्हणाला, "माझी आजी निजताना चुलीतला निखारा राखेखाली पुरून ठेवायची. सकाळी राख बाजूला सारून फुंकर घातली की चूल पेटायची. शेजारणी यायच्या, त्यांनाही आजी एकेक निखारा द्यायची. पाड्यावर आगपेटी कुणाला लागायची नाही. तसा देवानं आपल्या मातीत निखारा ठेवलाय..."

कट्ट.

पंच मात्र माना डोलवत होते, त्यांच्या तर रोजच्या चुलीची गोष्ट. सुशीलाबाई चहाची किटली घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या, त्याही ऐकत होत्या. कुवरसिंग शेवटपर्यंत अडखळला नाही.

मग एकेक शिक्षक उठला. योग्य. योग्य. मीही म्हटलं, योग्य. सर शेवटी उठले.

"ज्ञानाळला," म्हणाले, आणि बसले.

प्राचार्य बिचारे भित्रे. "सर, जरा विस्तारानं..."

"मातीत अडकलेली ठिणगी. आणखी काय विस्तार पाहिजे? शब्द पुरेसा आहे."

प्राचार्यांनी पंचांकडं वळून विचारलं, काही शंका? डोंग्याबाबा हात जोडून उभे राहिले. "नही साहेब." एवढ्या शिकलेल्या लोकांत कोण विचारणार की म्हणजे काय? खरं सांगायचं तर आमच्यातल्या दोघांनाही धड माहीत नव्हतं. हात ठेवले नाहीत. जेवण शिजलेलं होतं, म्हणून वाढलं. कुवरसिंग पंक्तीत वाढायला होता. स्वतःच्याच समारंभाची, आमच्याकडं मोठ्या पंगतीला करतात ती झणझणीत फौजदारी डाळ त्यानं सगळ्यांना वाढली.

पिकअप निघायच्या आधी डोंग्याबाबांनी मला बाजूला घेतलं. "बाई, आमना पोऱ्या बिमार शे का?"

"नाही हो बाबा."

"मंग काही पाप करं त्यानी? बाईबिई?"

"छे छे, तसलं काही नाही." आणि मी त्यांना समजावून सांगायला लागले. पहिला काळ, ग्रीक लोक, खालचा कारागीर, वरचा उजेड. त्यांनी फार मन लावून ऐकलं. माझं संपल्यावर काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "म्हणजे लई मोठं शे."

पाड्यावर मग व्हायचं तेच झालं. आधी त्याला शिरपूरला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं विचारलं, काय होतंय? डोंग्याबाबा म्हणाले, ज्ञानाळलाय, धुळ्याच्या साहेबांनी सांगितलं. डॉक्टरनं जीभ बघितली, रक्त तपासलं, ताकदीचं औषध लिहून दिलं. औषधानं गुण येईना, तेव्हा लोकांनी ठरवलं की हे औषधाच्या हाताबाहेरचं आहे. कुणी त्याला वाईट बोललं नाही. ती माणसं वाईट नव्हेतच. फक्त तो प्रार्थना म्हणायला लागला की बाया आपापली लेकरं जवळ ओढून घ्यायच्या. त्याच्या बायकोनं पोराला त्याच्या ताटात जेवायला बसवणं बंद केलं. टॉवेल व्यासपीठावर तसाच राहिला. तो खाली येऊन शिरपूरला जिनिंगमध्ये कापूस ओढायला लागला.

सवड मिळाली की तो धुळ्याला यायचा आणि सरांच्या फाटकाशी उभा राहायचा. मी शेजारीच राहते, सगळं कानावर पडायचं.

"सर, तेवढा शब्द काढून घ्या."

"शब्द काय मी अंगाला चिकटवलाय? तू जे बोललास ते तू काढ."

"काय चुकलं ते सांगा सर. पुन्हा तसं नाही बोलणार."

"तुला ते कळत नाही, हीच तर अडचण आहे."

"तुम्ही पंचांसमोर नुसतं म्हणा ना सर, की बरा झालाय. बाकी ते ऐकणार नाहीत कुणाचं."

सर शेंग फोडायचे. "क्रियापद मागं घेता येत नसतं, कुवरसिंग. घडलं ते घडलं." आणि आत जायचे. पोरगं फाटकाला हात लावून थोडा वेळ उभं राहायचं, मग एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागायचं. काय चीड यायची मला! एकदा मी सरांना तोंडावर म्हटलं, "सर, तुमच्यापेक्षा कसाई बरा. तो एकदाच कापतो." सर म्हणाले, "वाक्य चांगलंय. पण उपमा नेहमीची आहे."

सर निवृत्त झाल्यावरची गोष्ट. चोपड्याहून भावानं केळीचे वेफर्स पाठवले होते, ते द्यायला दुपारी मी त्यांच्या ओट्यावर गेले. कुवरसिंग नुकताच फाटकावरून गेला होता. सुशीलाबाई तांदूळ निवडत होत्या. आयुष्यभर नवऱ्यापुढं मान वर न केलेली बाई. खाली बघूनच बोलायला लागल्या.

"त्या दिवशी मी दारात उभी होते. त्याची आजी निखारा शेजारणींना वाटत होती. तुम्ही शेंग फोडलीत त्याच्या आधीच म्हणाला होता तो. लपवून नव्हती ठेवत ती. घरोघरी देत होती."

सुशीलाबाईंची बोटं तांदळातून फिरत होती.

"ते तुमचे ग्नॉस्टिक लपवायचे ना? थोड्यांनाच कळलेलं, बाकीचे गुरंढोरं. मग या धुळ्यात ज्याचा अर्थ एकट्यालाच ठाऊक असा शब्द कुणाकडं आहे? त्या शब्दावर लोकांचं बरंवाईट कोण ठरवतं?" त्यांनी खडा काढून अंगणात टाकला. "ज्ञानाळलाय कोण, ते सांगा मला."

मला वाटलं आता सर काहीतरी जिव्हारी लागेल असं बोलणार. नेहमीसारखं. मी वेफर्सची पिशवी धरून तशीच उभी. सरांनी खिशातनं शेंग काढली, बोटांत फिरवली, फिरवत राहिले, आणि न फोडता परत खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्यांचा फोन आला. शेजारून फोन! ओट्यावर येऊन बोलायची लाज वाटली असणार. "बाई, त्या पोराला निरोप द्या. पंचांना घेऊन ये म्हणावं. मी त्यांच्यासमोर 'योग्य' म्हणतो."

मी म्हटलं, "सर, देव तुमचं भलं करो."

"क्रियापद बरोबर आहे," ते म्हणाले. "लावलं चुकीच्या माणसाला. आणि हे बाहेर बोलू नका." फोन ठेवला.

मी कुवरसिंगाला कळवलं. तो म्हणाला, कापूस वेचणी आटोपली की पंचांना घेऊन येतो. पाडा उंचावर, वेचणीच्या दिवसांत कुणाला हलता येत नाही.

आणि वेचणी आटोपायच्या आत सर न्हाणीघरात पडले.

अर्धांगवायू. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डोळे पूर्वीसारखेच तीक्ष्ण होते, सगळं समजत होतं, पण वाचा गेली होती. सगळी नव्हे. एक शब्द राहिला होता. पाणी हवं असलं तरी तोच, उशी सरकवायची तरी तोच, पंखा बंद करायचा तरी तोच. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. मनात असतं एक, पण जिभेवर एकच शब्द रुतून बसतो, काहीही बोलायला गेलं तरी तोच बाहेर येतो. कुणाच्या तोंडात आईचं नाव राहतं, कुणाच्या शिवी राहते. सरांच्या तोंडात काय राहिलं ते सांगायला नको.

"ज्ञानाळला."

लोक भेटायला येऊ लागले. भेटायला कसले, ऐकायला. शाळेतली पोरं फाटकाबाहेर जाऊन पोट धरून हसायची. रखमाबाई मऊ डाळभात घेऊन आल्या, सरांनी तोंडात घेऊन तो शब्द म्हटला, आणि रखमाबाई मला म्हणाल्या, "बघा, अजून आवडते त्यांना." जळगावचे ते पाळकसाहेबही आले, चांगला इस्त्रीचा सदरा घालून. खुर्ची ओढून जवळ बसले. "कसे आहात सर?" सरांनी तोंड उघडलं नाही. "कसं वाटतंय?" पुन्हा विचारलं. सरांच्या ओठांतून शेवटी निघालं, "ज्ञानाळला." पाळकसाहेबांनी बिस्कीट चहात बुडवलं. "काय म्हणालात?" असं तीनदा. मग उठून प्रार्थना केली. फार सुंदर, फार लांब, आणि मधे मधे सरांना 'आमेन' म्हणता यावं म्हणून थांबत होते. त्या दिवशी मला कळलं की सरांचे सगळेच विद्यार्थी काही वाया गेले नाहीत.

सुशीलाबाईंनी कुवरसिंगाला हे कळवायला फोन लावून पाहिले. तो वेचणीसाठी वर गेलेला, पाड्यावर रेंज नाही. एका रविवारी उपासनेनंतर पिकअप येऊन फाटकाशी थांबली.

कुवरसिंग आधी उतरला. तोच शर्ट, शेवटच्या उपदेशाचा. दाढी केलेली. बायकोला आणि पोरालाही आणलं होतं. मागून डोंग्याबाबा आणि बाकीचे पंच. मी धावत गेले. सुशीलाबाईंनी सरांना ओट्यावर खुर्चीत बसवलं होतं, पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. सरांनी त्याला पाहिलं आणि त्यांचा डावा हात खुर्चीवरून उचलला गेला. मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखते, पण त्यांचा चेहरा कुणाला बघून कधी असा झालेला पाहिला नव्हता.

पंच ओळीनं समोर उभे राहिले. कुवरसिंग त्यांच्यापुढं, मान खाली घालून, जसं आम्ही हात ठेवायच्या वेळी उभं करतो तसा. सरांनी ओठ जुळवले. त्यांना 'योग्य' म्हणायचं होतं, ते मला त्यांच्या ओठांवर दिसत होतं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या.

"ज्ञानाळला."

त्यांनी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. डावा हात खुर्चीवर आपटला. पुन्हा ओठ जुळवले, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"ज्ञानाळला. ज्ञानाळला."

कुवरसिंगाच्या बायकोनं पोराला मागं ओढलं.

"अहो बाबा," सुशीलाबाई कळवळून म्हणाल्या, "ते तसं म्हणत नाहीयेत! त्यांना दुसरं बोलताच येत नाही. पाणीसुद्धा असंच मागतात."

मीही म्हटलं, "सरांनी मला फोनवर सांगितलंय बाबा. योग्य म्हणणार होते ते. देवाशपथ."

डोंग्याबाबा सरांकडं बघत होते. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात जोडले. आवाजात राग नव्हता, उलट फार आदर होता.

"बाई, तुम्ही म्हणतस तसं व्हई. पण देवनी साहेबना तोंडमाईन बठ्ठा शब्द काढी लिधात. एकच ठेवा. तो बी हाऊच." देवानं सगळे शब्द काढून घेतले आणि हा एकच ठेवला, असं त्यांचं म्हणणं. "देव खोटं बोलस का?"

सरांकडं याचं उत्तर असतं. सरांनी त्या एका वाक्यातल्या चुका ग्रीकमधून काढून दाखवल्या असत्या. ते डोळे फाडून डोंग्याबाबांकडं बघत होते, आणि सांगत होते, जिवाच्या आकांतानं सांगत होते, तोच शब्द पुन्हा पुन्हा.

"बस साहेब," डोंग्याबाबा म्हणाले. "बठ्ठं समजी गयं."

जाताना त्यांनी कुवरसिंगाचा दंड धरला, आजाऱ्याला धरतात तसा हळुवार. पण त्याला निघता येईना, कारण सरांनी डाव्या हातात त्याची बाही घट्ट पकडली होती. सुशीलाबाईंनी एकेक बोट सोडवलं. कुवरसिंग म्हणाला, "राहू द्या काकू, शर्ट जुनाच आहे." पिकअपमध्ये तो मागं बसला, बाकीचे पुढच्या बाजूला सरकून बसले.

मी फाटकाशी उभी होते. गाडी वळली, धूळ खाली बसली, तरी ओट्यावरून आवाज येतच होता. सुशीलाबाईंनी पेला भरून त्यांच्या तोंडाशी नेला. सरांनी तोंड फिरवलं. पाणी नको होतं त्यांना.